आवाज शोधायचे पैसे घ्या



गॅरेज टाकायचं म्हणून जी मुलं माझ्या बॅचला येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: भांडवल किती लागेल? दुसरा, पार्टवर मार्जिन किती सुटतं? दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. पण गाडीच्या पुढून खडखड येतेय, ती नेमकी कुठून येतेय हे कसं शोधायचं आणि शोधायचे पैसे कसे मागायचे, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते छोट्या गॅरेजचं नाव होतं ते इथेच आणि बुडतं तेही इथेच. इंजिनाचं काम महिन्यातून एखादं येतं. पुढच्या सस्पेन्शनचा आवाज मात्र रोज येतो. आमच्या कराड-विटा पट्ट्यात तर पावसाळा संपला आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की दिवसाला तीन-तीन गाड्या एकच तक्रार घेऊन उभ्या असतात, "मालक, पुढनं काहीतरी वाजतंय."

आधी माझी चूक सांगतो. त्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

गॅरेज सुरू होऊन सात-आठ महिने झाले होते. एक टॅक्सीवाले दादा आले. छोटी हॅचबॅक, पुण्या-मुंबईची भाडी मारायचे. खड्ड्यात पुढून खडखड. मी बॉनेट दाबून बघितलं, गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि छातीठोक सांगितलं, "शॉकर गेलेत." दोन्ही शॉकर, वरचे माउंट, मजुरी आणि अलाइनमेंट धरून बिल दहा हजारांच्या आसपास गेलं. भिशीतून उचललेले पैसे होते ते, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी गाडी परत हजर. आवाज तसाच. मी म्हणालो, मग लोअर आर्मच असणार. एका बाजूचा आर्म बदलला. आवाज तसाच.

तिसऱ्या वेळी दादा काही बोलले नाहीत. किल्ली टेबलावर ठेवली आणि बाकावर बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी एक वयस्कर मिस्त्री माझ्याकडे दुसऱ्या कामाला आले होते. ते शेजारच्या सीटवर बसले आणि मला म्हणाले, खराब रस्त्यावरनं हळू घे आणि ब्रेकवर नुसता पाय टेकव. पाय टेकवला, आवाज बंद. पाय उचलला, आवाज सुरू. ब्रेक पॅडची क्लिप नव्हती. आधी कुणीतरी पॅड बदलताना जुन्या क्लिपा काढून टाकल्या होत्या आणि नव्या घातल्याच नव्हत्या. पॅड कॅलिपरमध्ये खुळखुळत होते. अर्ध्या तासाचं काम आणि किरकोळ किमतीचा माल.

आर्मचे आणि सगळ्या मजुरीचे पैसे मी परत केले. शॉकरचे करू शकलो नाही, तेवढे माझ्याकडे नव्हतेच. दादांनी पैसे मोजून घेतले, मान हलवली आणि गेले. परत कधी आले नाहीत. त्यांच्या स्टँडवरची एकही गाडी पुढे वर्षभर माझ्याकडे आली नाही.

आता मुद्द्यावर येतो. मला शॉकर आणि क्लिप यातला फरक कळत नव्हता असं नाही. मी बघायलाच वेळ दिला नव्हता. वेळ का दिला नाही? कारण बघायचे पैसे मिळत नव्हते, बदलायचे मिळत होते. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम माणूस उरकतो. नीयत चांगली असली तरी उरकतो.

फुकट चेकिंग किती महाग पडतं

बीबीएला आम्हाला कॉस्टिंग होतं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. गॅरेज सुरू झाल्यावर तेच पुस्तक पुन्हा काढावं लागलं. एक साधं उदाहरण घेऊ, आकडे तुमचे तुम्ही बदला. समजा जागेचं भाडं 15,000, तीन माणसांचे पगार मिळून 48,000 आणि वीज, हत्यारांचा हप्ता, बाकी किरकोळ धरून 15,000. महिन्याचा खर्च झाला 78,000. दोन गाड्या एका वेळी लागतात, दिवसाचे आठ तास, महिन्याचे 26 दिवस. म्हणजे विकायला तुमच्याकडे 416 तास आहेत. पण प्रत्येक तासाला गाडी लागलेली नसते. साठ टक्के लागली तरी खूप. म्हणजे साधारण 250 तास. 78,000 भागिले 250 केलं की एक तास तुम्हाला 312 रुपयांना पडतो. नफा अजून यात धरलेलाच नाही.

आवाज नीट शोधायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. गाडी चालवून बघायची, जॅकवर घ्यायची, खाली उतरवायची, पुन्हा चालवायची. पाऊण तासाचे झाले 234 रुपये. रोज तीन गाड्या फुकट बघितल्या तर 702. महिन्याला 18,252. जागेच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही "बघून देतो की साहेब" या चार शब्दांत वाटून टाकता.

ते वाटलेले पैसे कुठून तरी वसूल होतातच. कुठून? जो पार्ट खराब नाही तो बदलून. दुसरी वाटच नाही. म्हणून मी म्हणतो की फुकट चेकिंगचा बोर्ड हा गिऱ्हाइकासाठी चांगुलपणा नाही, सापळा आहे. आणि तो लावणाऱ्यालाही कळत नाही की आपणच त्यात अडकलोय.

मी आज आवाज शोधायचे 300 रुपये घेतो. काम माझ्याकडे करा नाहीतर दुसरीकडे, 300 लागतात. सुरुवातीला मी "काम केलं तर हे पैसे बिलात वजा" असं ठेवलं होतं. बरेच प्रशिक्षक हाच सल्ला देतात आणि ऐकायला तो छान वाटतो. पण मी तो सोडला. कारण वजा करायचे म्हटलं की काम निघालंच पाहिजे असा दाब पुन्हा येतो. गाडीत काहीच खराब नसेल, एखादा बोल्ट सैल असेल, तर "बोल्ट आवळला, घरी जा" असं सांगायची मोकळीक राहिली पाहिजे. ती मोकळीक त्या 300 रुपयांनी विकत घेतलेली असते. माझ्या पोरांना पार्टवर कमिशन नाही, तेही याचसाठी. शोधणाऱ्याचा पोटाचा प्रश्न पार्टच्या बॉक्सशी बांधला की त्याला सगळीकडे खराब पार्टच दिसायला लागतात.

पाऊण तासात करायचं काय

पैसे घ्यायचे तर काम दिसलं पाहिजे. तीनशे रुपये घेऊन बॉनेट दाबून दाखवलं तर लोक हसतील, आणि हसावंच.

पहिली दहा मिनिटं गाडीला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाला विचारायचं आणि लिहून घ्यायचं. आवाज खड्ड्यात येतो की वळताना? ब्रेक मारताना? सकाळी पहिल्यांदा काढताना की गरम झाल्यावर? पावसात कमी होतो का? मागच्या दोन-तीन महिन्यांत कुठलं काम केलंय? हा शेवटचा प्रश्न मी त्या टॅक्सीवाल्या दादांना विचारला असता तर ब्रेक पॅड बदलल्याचं कळलं असतं आणि मी सुटलो असतो.

मग गाडी रिकामी करायची. गंमत वाटेल, पण डिकीतला सैल जॅक, दाराच्या कप्प्यातली स्टीलची बाटली, गाडीपूजेपासून तसाच पडलेला नारळ, यांनी मला किती वेळा फसवलंय ते सांगायला लाज वाटते. पुढची नंबरप्लेट आणि बंपरच्या क्लिपा हातानं हलवून बघायच्या. इंजिनाखालचं कव्हरसुद्धा.

त्यानंतर गिऱ्हाइकाला शेजारी बसवून चालवायची. काचा खाली, गाणी बंद, एसी बंद. आवाज आला की त्यानं सांगायचं "हा हाच". तुम्ही ऐकलेला आवाज आणि त्याच्या तक्रारीचा आवाज हे दोन वेगळे असू शकतात. कित्येकदा असतातच.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना, अगदी जुन्या मारुती 800 पासून, पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. वर माउंट, मधे स्प्रिंग आणि शॉकर, खाली लोअर आर्म आणि बॉल जॉइंट. दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार आणि त्याच्या लिंक रॉड. आवाज करणाऱ्या जागा मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीची सवय वेगळी.

एका चाकाच्या छोट्या छोट्या खड्ड्यांत, हळू वेगात, कटकट-कटकट असा सुका आवाज आला तर माझा पहिला संशय लिंक रॉडवर. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढवली की हा आवाज बहुतेक वेळा गप्प होतो, कारण दोन्ही चाकं एकदम वर गेली की बार पिळला जात नाही, नुसता फिरतो. एकच चाक वर गेलं की बार पिळतो आणि झिजलेली लिंक वाजते. खात्री करायची असेल तर दोन्ही लिंक तात्पुरत्या सोडवून बांधून ठेवायच्या आणि गाडी अगदी हळू, गॅरेजच्या आसपास फिरवायची. आवाज गेला तर लिंक किंवा बारचे डी बुश. राहिला तर दुसरीकडे बघा. एवढी सोपी परीक्षा आहे आणि एक रुपयाचा पार्ट लागत नाही. फक्त गिऱ्हाइकाकडे गाडी द्यायच्या आधी लिंक परत जोडायला विसरू नका.

लिंकच्या बाबतीत नवी मुलं एक चूक हमखास करतात. एका बाजूला जॅक लावून चाक लोंबतं ठेवतात आणि लिंक हलवून "टाइट आहे" म्हणतात. एक चाक लोंबलं की बार पिळलेला असतो, लिंकवर ताण असतो, त्यामुळे खेळ जाणवत नाही. चारही चाकं जमिनीवर ठेवून तपासा. एकानं बॉडी हलवायची, दुसऱ्यानं लिंकच्या जॉइंटवर बोट ठेवायचं. झिजलेला जॉइंट बोटाला कळतो.

ब्रेक मारताना किंवा सोडताना एकच "धप्प" आला तर लोअर आर्मचा बुश बघा. गाडी चार फूट पुढे-मागे करत ब्रेक मारला की तो आवाज मिळतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना "टुंग" करून स्प्रिंग उडी मारत असेल तर वरचा माउंट किंवा त्याचं बेअरिंग. पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर तालात कटकट येते ती ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटची, सस्पेन्शनची नाही. वेगाबरोबर वाढणारी घुंघुं व्हील बेअरिंगची. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकावर जातं, तेव्हा घुंघुं वाढली तर उजवं बेअरिंग आधी तपासा. आणि करकर, कुईकुई असा रबराचा आवाज असेल तर साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या, एकेक बुश भिजवत जा. ज्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबला तो तुमचा चोर. तिथे इंजिन ऑइल मारून गाडी परत देऊ नका. आठवडाभर शांतता मिळते आणि रबर कायमचं फुगतं.

ब्रेकवर पाय टेकवायची परीक्षा तर मी आता प्रत्येक गाडीला करतो. आवाज असो वा नसो.

शेवटी जॅक. स्टँड लावल्याशिवाय कोणीही गाडीखाली जायचं नाही, यावर चर्चाच नको. चाक वर-खाली धरून हलवायचं. खेळ वाटला तर एकाला ब्रेक दाबायला सांगायचा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बहुतेक बॉल जॉइंट, मग पहार लावून तो नीट बघायचा. डाव्या-उजव्या बाजूला धरून खेळ आला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड.

बॉल जॉइंट सैल निघाला तर तिथे धंद्याचं गणित थांबतं. हा जॉइंट सुटला की चाक आडवं पडतं आणि स्टेअरिंग हातातून जातं. गिऱ्हाईक म्हणेल, "पुढच्या महिन्यात बघू." मी गाडी अडवू शकत नाही, पण चेकिंगच्या पावतीवर "गाडी चालवू नये" असं लिहून सही घेतो. सही करायला पेन हातात घेतलं की निम्मे लोक थांबतात. पैसे नसतील तर दोन हप्त्यांत घेतो. गरीब माणसाला उधारी द्यायची तर इथे द्यावी, म्युझिक सिस्टिमला नाही.

सापडल्यावर बदलणं

यावर वेगळा व्हिडिओ आहे, म्हणून थोडक्यात. लोअर आर्मचे बुशवाले बोल्ट चाकं लोंबत असताना पूर्ण आवळू नका. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळा. नाहीतर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि नवा बुश लवकर फाटतो. मग दुकानदाराला शिव्या की माल डुप्लिकेट दिला! लिंक रॉडच्या नटावर इम्पॅक्ट गन मारली की आतला बॉल गरागरा फिरतो आणि रबरी बूट जातो. स्टड धरून पान्यानं खोला-लावा. शॉकर जोडीनंच बदला. आर्म किंवा टाय रॉड एंडचं काम झालं की अलाइनमेंट करायचीच. स्प्रिंग दाबायचं हत्यार ज्याला नीट वापरता येत नाही त्यानं स्ट्रट खोलू नये. तो स्प्रिंग सुटला तर माणूस जातो.

हत्यारांत पहिल्या वर्षी टॉर्क रेंच घ्या, चांगले स्टँड घ्या. गाडीखाली लावायचे मायक्रोफोनचे सेट मिळतात, ते नंतर. कान आणि वही यांनी बरंच भागतं.

"बघायचे कसले पैसे?"

हे वाक्य तुम्हाला ऐकावंच लागणार. आमच्याकडे तर त्याच्या आधी "काय राव" पण असतं. मी आता असं बोलतो: "काका, पाऊण तास मी आणि एक मिस्त्री तुमच्याच गाडीला लागणार. काय सापडलं ते कागदावर लिहून देतो. तो कागद घेऊन तुम्ही कुठेही जा, काम कुठेही करा." शेवटचं वाक्य मनापासून म्हणायचं. तिथे लोक विचारात पडतात, कारण कागद बाहेर न्यायची परवानगी त्यांना आजवर कोणी दिलेली नसते. काम झाल्यावर जुना पार्ट हातात द्यायचा आणि खेळ हलवून दाखवायचा.

आवाज सापडला नाही तर? तर मी पैसे घेत नाही. महिन्यात अशा एक-दोन गाड्या निघतात. मी तो खर्च धरूनच चालतो आणि गाडी दोन दिवस वापरून पुन्हा आणायला सांगतो.

नुकसान होतं का? होतं. दर सुरू केला त्या पहिल्या तीन महिन्यांत माझ्या गाड्या कमी झाल्या. समोरच्याच रस्त्यावर फुकट बघून देणारा असताना लोक 300 का देतील, हा प्रश्न माझ्या बायकोनंही विचारला आणि तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे भाड्याची जागा आहे, कर्जाचा हप्ता आहे आणि तीन महिने मागे हटायची ताकद नाही, त्यांनी पहिल्या दिवसापासून 300 चा बोर्ड लावावा असं मी म्हणणार नाही. 100 पासून करा. 50 घ्या. खेड्यात ओळखीच्या माणसाकडून घेता येत नसतील तर निदान पावतीवर "तपासणी 300, सूट 300" असं लिहा, म्हणजे काहीतरी दिलं गेलंय हे दोघांनाही दिसेल. पण "चेकिंग फ्री" लिहू नका.

एक वर्ग मात्र पहिल्या आठवड्यापासून पैसे द्यायला लागला, आणि तो मोठ्या गाड्यांवाल्यांचा नव्हता. टॅक्सीवाले, शाळेच्या व्हॅनवाले, भाजीचा टेम्पो चालवणारे. ज्यांची गाडी एक दिवस उभी राहिली की चूल थंड होते, त्यांना चुकीचा पार्ट किती महाग पडतो हे माहीत असतं. मागच्याच महिन्यात त्या जुन्या स्टँडवरचा एक पोरगा आला. लिंक रॉड निघाला, कागद घेऊन गेला, दोन ठिकाणी भाव विचारला आणि संध्याकाळी गाडी माझ्याकडेच लावली. जाताना मी त्या दादांची चौकशी केली. म्हणाला, त्यांनी ती गाडी कधीच विकली, आता दुसऱ्याची चालवतात.